जपानहून आणलेली स्पोर्ट्स कार ब्रिटनमध्ये बाळगताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीसाठी इथे आलेल्या मराठी मंडळींत निसान स्कायलाइनचं वेड असलेलं कोणीतरी निघतंच. लहानपणी पुण्यात किंवा नाशकात कॉम्प्युटर गेममध्ये चालवलेली गाडी इथे रस्त्यावर दिसते, कायदेशीर विकत मिळते, शिवाय स्टिअरिंगही उजवीकडे. मग फोन सुरू होतात. त्या फोनांवर पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नियम ग्रेट ब्रिटनचे आहेत. दुसऱ्या देशाचा विषय आला तिथे तसं म्हटलं आहे.

निसान, टोयोटा तर इथल्या शोरूममध्येही मिळतात. मग ‘आयात गाडी’ म्हणजे नक्की कोणती?

जी कंपनीने जपानी गिऱ्हाइकासाठी बनवली, तिथे नोंदली गेली, चालली आणि नंतर कोणीतरी जहाजातून इकडे आणली, ती. शौकीन तिला ‘जेडीएम’ म्हणतात. टोयोटा चेसर, निसान स्टेजिया, सिल्व्हिया एस१५, होंडाची पहिली सिव्हिक टाइप आर (ईके९) या इथे कंपनीने कधी विकल्याच नाहीत. सुप्रा, इम्प्रेझा, इंटेग्रा टाइप आर दोन्ही वाटांनी आल्या. त्यामुळे बघायला जाण्याआधीच विचारा, ब्रिटिश गाडी आहे की आयात? किंमत, इन्शुरन्स, पार्ट नंबर, सगळं त्यावर ठरतं.

ओळखायची सोपी खूण म्हणजे चासी नंबर. जपानी गाडीला १७ अक्षरी नंबर नसतो. बीएनआर३२, बीसीएनआर३३, बीएनआर३४ असा मॉडेलचा कोड आणि पुढे सहा किंवा सात आकडे, संपलं. इथल्या बऱ्याच वेबसाइट हा नंबर ‘चुकीचा’ म्हणून परत पाठवतात. सवय करून घ्या.

सगळ्या गाड्यांच्या कागदावर २८० पीएसच का लिहिलेलं असतं?

१९८९ पासून जपानी कंपन्यांनी आपापसात ठरवून घेतलं होतं की जाहिरातीत २८० पीएसच्या (हॉर्सपॉवरच्या) वर आकडा द्यायचा नाही. हा अलिखित समझोता २००४ मध्ये होंडाने ३०० पीएसची लेजंड आणून मोडला. मधल्या काळात कागदावर २८० आणि बॉनेटखाली त्याहून जास्त, असा मामला बऱ्याच गाड्यांत होता. आर३४ पिढीची जीटी-आर (स्कायलाइनची सर्वांत ताकदवान आवृत्ती) त्यातली ठळक. ताशी १८० किलोमीटरला वेग अडवण्याची पद्धतही तिथलीच, म्हणून जपानी स्पीडोमीटर १८० वर संपतो.

दादा, बजेट बेताचं आहे. कोणती घेऊ?

जीटी-आर नको, हे आधी सांगतो. आर३४ आता लाख पौंडांच्या पुढे गेली आहे, आणि त्यामागे अमेरिकेचा हात आहे. तिथे २५ वर्षं झाल्याशिवाय अशी गाडी नेता येत नाही. आर३२ जीटी-आरचं उत्पादन ऑगस्ट १९८९ मध्ये सुरू झालं, तिची २५ वर्षं २०१४ मध्ये भरली आणि भाव चढायला लागले. आर३४ १९९९ च्या जानेवारीत आली, तिची मुदत २०२४ मध्ये संपली. अमेरिकन गिऱ्हाईक जपानच्या लिलावात उतरलं की आपण बाजूला व्हायचं.

बेताच्या पैशात मजा हवी असेल तर सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स किंवा मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशनच्या मधल्या आवृत्त्या बघा. चारही चाकं चालतात, इथे जाणकार गॅरेजं भरपूर, पार्ट मिळतात. इव्होचं ४जी६३ इंजिन दणकट. तिच्या मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या एवायसी यंत्रणेच्या पंपाला मात्र गंज चढतो आणि तो पंप स्वस्त नाही. इम्प्रेझाच्या इजे२० इंजिनला ऑइल कमी पडलेलं अजिबात सहन होत नाही, बेअरिंग जातात.

माझ्या मते आज सर्वांत कमी लेखलेल्या गाड्या म्हणजे टर्बो स्टेशन वॅगन. स्टेजियात आरबी मालिकेचं सहा सिलिंडरचं इंजिन, मागे बाळगाडी आणि महिन्याचा किराणा मावतो, आणि घरात परवानगी मिळवणंही सोपं जातं.

माझदा आरएक्स-७ (एफडी३एस) घ्यायचीच असेल तर मन घट्ट करून घ्या. दोन रोटर मिळून १३०८ सीसी, जोडीला दोन टर्बो. गाडी दिसते आणि चालते अप्रतिम. पण रोटर इंजिनचं कॉम्प्रेशन साध्या गेजने मोजता येत नाही. प्रत्येक रोटरच्या तिन्ही बाजूंचे वेगळे आकडे देणारं यंत्र लागतं. तो रिपोर्ट विकणाऱ्याकडे नसेल तर करवून घ्या, आणि ‘काय गरज आहे’ म्हणाला तर परत या. इंजिन तापलेलं असताना बंद करून पुन्हा चालू करून बघा. खूप वेळ स्टार्टर मारावा लागत असेल, तर इंजिन उघडण्याचा खर्च समोर आहे असंच समजा.

लहान हवी असेल तर ६६० सीसीच्या सुझुकी कॅपुचिनो किंवा होंडा बीट. ताकद ६४ पीएस, वजन नाहीच, गल्लीबोळात धमाल. सहा फुटी माणसाने आधी बसून बघावं.

थेट जपानच्या लिलावातून मागवू की इथे आलेली घेऊ?

पहिलीच गाडी असेल तर इथे येऊन निदान दोन-तीन वर्षं झालेली, कागद नीट असलेली घ्या. लिलावातली गाडी तुम्ही फोटोवर घेता. इथली लिफ्टवर चढवून खालून बघता येते, आणि तिची एमओटीची, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीची नोंद सरकारी वेबसाइटवर फुकट दिसते. ती नोंद सगळी वाचा. ‘गंज, पण अजून गंभीर नाही’ असा शेरा दर वर्षी येत असेल तर तो एक दिवस गंभीर होणारच आहे.

एका गोष्टीने लोक उगीच घाबरतात. मीटर आधी किलोमीटरमध्ये असतो, इथे चिप लावून मैलात केला जातो, त्यामुळे जुन्या नोंदीत आकडे विचित्र उड्या मारतात. लबाडी असेलच असं नाही. जपानच्या निर्यात दाखल्यावर ‘शाकेन’, म्हणजे तिथली सक्तीची तपासणी, करतानाचं रनिंग लिहिलेलं असतं. तो कागद मागा आणि ताळा करा.

लिलावाचा कागद कसा वाचायचा?

यूएसएससारख्या मोठ्या लिलाव कंपन्यांत दर आठवड्याला हजारो गाड्या जातात आणि प्रत्येकीची तपासणी होऊन एक कागद बनतो. वरच्या कोपऱ्यात एकूण दर्जा असतो: ५ म्हणजे जवळपास नवी, ४ किंवा ४.५ उत्तम, ३.५ वापरलेली पण ठीक, ३ म्हणजे काम आहे. ‘आर’ किंवा ‘आरए’ म्हणजे अपघातानंतर सांधलेली. आतल्या भागाला ए, बी, सी, डी अशी वेगळी अक्षरं.

त्याखाली गाडीचा नकाशा आणि त्यावर बारीक खुणा. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे दुरुस्तीनंतर राहिलेली लाट, एस म्हणजे गंज, सी म्हणजे पत्रा खाल्लेला, एक्सएक्स म्हणजे पॅनल बदललेलं. अक्षरापुढचा आकडा जितका मोठा तितकं नुकसान जास्त. ए१ मनावर घेऊ नका. एस आणि सी कुठे आहेत ते मात्र बोट ठेवून शोधा.

दर्जाच्या आकड्यापेक्षा तपासनिसाने हाताने लिहिलेल्या जपानी ओळी मोलाच्या. ‘खालून गंज’, ‘टर्बोतून धूर’, ‘गिअर बदलताना आवाज’ असल्या गोष्टी तिथे असतात. एजंटाने केलेल्या दोन ओळींच्या सारांशावर जाऊ नका, पूर्ण भाषांतर करून घ्या. आणि ‘आर’ दर्जा बघून लगेच पान उलटू नका. पुढचा एक बोल्ट केलेला भाग बदलला तरी काही वेळा आर लागतो, आणि तशी गाडी स्वस्तात चांगली मिळून जाते. मागची किंवा मधली चौकट सांधलेली असेल तर मात्र कितीही स्वस्त असली तरी नको.

किंमत सोडून आणखी किती पैसे लागतात?

समजा गाडी १०,००० पौंडांना पडली आणि जहाजाचं भाडं, विमा वगैरे १,५०० झाले. या ११,५०० वर १० टक्के सीमाशुल्क, म्हणजे १,१५०. एकूण १२,६५० वर २० टक्के व्हॅट, म्हणजे २,५३०. बंदरातून बाहेर पडेपर्यंत १५,१८० पौंड. ब्रिटन-जपान व्यापार करारात सीमाशुल्काची सवलत आहे, पण त्यासाठी गाडी जपानातच बनल्याचा रीतसर पुरावा लागतो, आणि लिलावातल्या जुन्या गाडीसाठी तो मिळवणं जिकिरीचं.

आता गंमत बघा. गाडी ३० वर्षांहून जुनी, मॉडेल बंद झालेलं, आणि चासी, स्टिअरिंग, ब्रेक, इंजिन यांत मोठे बदल न केलेली असेल, तर ती संग्राह्य वस्तू म्हणून आणता येते. तेव्हा शुल्क शून्य आणि व्हॅट फक्त ५ टक्के. वरच्याच गाडीला ५७५ पौंड. म्हणजे मूळ रूपातली गाडी ३,१०५ पौंडांनी स्वस्त पडली, आणि मोठा टर्बो, मोठे ब्रेक लावून ‘तयार’ आलेली गाडी ही सवलत गमावून बसण्याची शक्यता. मॉडिफाय करायची हौस इथे पोचल्यावर भागवा.

नोंदणी अवघड असते का?

१० वर्षांहून जुनी असेल तर नाही, कागदपत्रांचं काम आहे. आल्यापासून १४ दिवसांत महसूल खात्याला ‘नोव्हा’ प्रणालीत कळवायचं, चासी नंबरावर इन्शुरन्स आणि एमओटी करायची, मग व्ही५५/५ फॉर्म, निर्यात दाखला आणि त्याचं भाषांतर डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या वाहन नोंदणी खात्याला, पाठवायचं. एमओटीपूर्वी मागचा लाल फॉग लॅम्प बसवून घ्या. जपानी गाडीला तो बहुधा नसतो, इथे उजवीकडे किंवा मध्ये सक्तीचा आहे. हेडलाइट बदलावे लागत नाहीत. जपानही डावीकडूनच चालतो.

१० वर्षांच्या आतली गाडी असेल तर आयव्हीए नावाची वेगळी, कडक तपासणी लागते. हौशी माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

गंज इतका मोठा प्रश्न आहे? जपानी गाड्या तर टिकाऊ असतात.

इंजिन टिकाऊ असतं, पत्रा नाही. जपानच्या बऱ्याच भागात रस्त्यावर मीठ पडत नाही, म्हणून कंपन्यांनी या गाड्यांना खालून जाड संरक्षण दिलंच नाही. इकडे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. वीस वर्षं जपानमध्ये स्वच्छ राहिलेली गाडी इथल्या थोड्याच हिवाळ्यांत खालून पोखरते. उलट होक्काइदो किंवा उत्तरेकडच्या बर्फाळ भागातली गाडी तिथूनच गंज घेऊन येते, म्हणून ती कुठे नोंदलेली होती तेही विचारा.

आर३३ आणि आर३४ मध्ये पुढच्या शॉकॲबच्या वरचा भाग, ज्याला स्ट्रट टॉवर म्हणतात, तिथला पत्रा जोडावर फुगतो. बॉनेट उघडून सीलरखाली बोट दाबून बघा. सिव्हिक, इंटेग्रा आणि इम्प्रेझामध्ये मागच्या चाकांवरच्या कमानी. सर्वच गाड्यांत दाराखालची पट्टी आणि जॅक लावायच्या जागा. नुकतंच खालून काळं डांबर फासलेलं दिसलं तर सावध व्हा. त्याखाली काय आहे ते विकणाऱ्यालाच ठाऊक.

गाडी हाती आली की पहिल्या उन्हाळ्यातच खालून धुवा, पूर्ण वाळू द्या, पोकळ भागांत मेण फवारून घ्या आणि बाहेरून पारदर्शक थर द्या. पारदर्शक अशासाठी की पुढे काही सुरू झालं तर दिसेल. पहिल्या वर्षी पैसे इथे घाला. एक्झॉस्ट थांबेल, गंज थांबत नाही.

पेट्रोल कोणतं?

९९ ऑक्टेनचं, जिथे मिळेल तिथे. या गाड्यांचं ट्यूनिंग जपानच्या ‘हाय-ऑक’ पेट्रोलवर, म्हणजे साधारण १०० ऑक्टेनवर झालेलं असतं. इथलं साधं पेट्रोल ९५ आहे आणि सप्टेंबर २०२१ पासून त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जे जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही.

पहिलं मॉडिफिकेशन कोणतं करू?

सर्व्हिसिंग. हसू नका. टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, सगळी ऑइलं, प्लग, रबरी नळ्या, सस्पेन्शनचे बुश, ब्रेकचे होज आणि टायर. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. जपानहून आलेल्या गाडीचे टायर भरपूर नक्षीचे पण दहा वर्षं जुने, कडक झालेले असू शकतात. एवढं केल्यावर गाडी अशी बदलते की पुष्कळांना पुढचं काही करावंसं वाटत नाही.

त्यानंतर बूस्ट, म्हणजे टर्बोचा हवेचा दाब, वाढवण्याआधी आपल्या टर्बोची माहिती काढा. जीटी-आरच्या आरबी२६ इंजिनच्या मूळ टर्बोंमध्ये एक्झॉस्टकडचं चाक सिरॅमिकचं असतं. हलकं असल्याने ते पटकन फिरतं, पण बूस्ट एक बारच्या आसपास आणि पुढे नेला की तुटतं, आणि तुकडे इंजिनातही जाऊ शकतात. कोणी मोबाइलवर ‘फक्त हा छोटा पाइप बदल, ५० पीएस वाढतील’ असा व्हिडिओ पाठवला तर त्याला आधी हे विचारा. सुप्राचं २जेझेड-जीटीई पुष्कळ सहन करतं, म्हणून इतर इंजिनंही करतील असं नाही.

क्रम असा ठेवा: कॉम्प्रेशन तपासणी, इंधन पंप, चांगला इंटरकूलर, ऑइल कूलर, मग इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) ट्यूनिंग. इथल्या पेट्रोलवर ट्यूनिंग. आधीच्या मालकाने जपानमध्ये ॲपेक्सीचा पॉवर एफसी हा इसीयू बसवून घेतला असेल तर त्यातलं सेटिंग तिथल्या इंधनाचं असेल, ते तसंच चालवत राहणं धोक्याचं.

सस्पेन्शनबद्दल एकच. टाइन किंवा तत्सम कॉइलओव्हरचे, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकॲबचे, आटे मीठाने जाम होतात आणि मग उंची बदलता येत नाही. ऑक्टोबरमध्ये आट्यांना ग्रीस आणि वर कापडी मोजे. मूळ शॉकॲब, मूळ सायलेन्सर, मूळ स्टिअरिंग, काढलेला प्रत्येक भाग पोटमाळ्यावर नाव लिहून ठेवा. विकताना त्या खोक्यांची किंमत कळते.

टीई३७ चाकं अर्ध्या किमतीत मिळताहेत. घेऊ?

टीई३७ हे जपानच्या रेज कंपनीच्या चाकाचं मॉडेल. खरी रेजची असतील तर अर्ध्या किमतीत मिळणार नाहीत. नकली चाकं बाजारात खच्चून आहेत. जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे जपानी चाकांच्या मजबुतीचे ठसे बघा, पण ठसेही नकली मारतात. पावती नसेल तर सोडा. नकली सीट फाटते, नकली चाक मोटरवेवर तडकतं.

कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून टाकला तर आवाज मस्त येतो म्हणतात.

येतो. आणि मूळ गाडीला असलेला कॅट गायब दिसला की एमओटीत नापास. जास्त प्रवाहाचा चांगला कॅट मिळतो, तो लावा. पुढच्या दारांच्या काचांतून निदान ७० टक्के उजेड जायलाच हवा, तेव्हा काळ्या फिल्म मागच्या काचांपुरत्या.

इन्शुरन्सचा आकडा बघून चक्कर आली. काही उपाय?

तुलना करणाऱ्या मोठ्या वेबसाइटवर बघितलात ना? तिथे आयात गाडीचा पर्याय धड नसतो. अशा गाड्यांचे खास ब्रोकर आहेत, त्यांना फोन करा आणि माणसाशी बोला. मर्यादित मैल, घराचं गॅरेज, मान्यताप्राप्त ट्रॅकर, दुसरी रोजची गाडी, या गोष्टींनी आकडा खाली येतो. ‘ठरलेली किंमत’ असलेली पॉलिसीच घ्या, नाहीतर चोरी झाल्यावर कंपनी जुन्या निसानचा भाव हातावर ठेवेल.

आपल्या लोकांसाठी खास: भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने चालवता येतं, पण त्यावर टर्बो गाडीचा विमा देणारे फार थोडे. तिकडचा नो क्लेम बोनस बहुतेक कंपन्या धरत नाहीत. आधी इथली परीक्षा पास व्हा, वर्ष-दोन वर्षं साधी गाडी चालवून इथला बोनस कमवा, मग हे स्वप्न.

आणि प्रत्येक बदल कळवा. चाकं, स्प्रिंग, एक्झॉस्ट, आधीच्या मालकाने केलेलं सुद्धा. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्याप्रमाणे विचारलेल्या प्रश्नाला वाजवी काळजी घेऊन खरं उत्तर देणं तुमच्यावर आहे. लपवलेला बूस्ट कंट्रोलर अपघातानंतर तपासनीस दहा मिनिटांत शोधतो.

लंडनमध्ये राहतो. युलेझचं काय?

युलेझ म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवर शुल्क लावणारा विभाग. २९ ऑगस्ट २०२३ पासून तो लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये (प्रशासकीय विभागांत) लागू आहे, न बसणाऱ्या गाडीला दिवसाचे १२.५० पौंड. जपानी गाडीला युरो दर्जा लिहिलेला नसतो, म्हणून नव्वदच्या दशकातली गाडी बसत नाही असंच धरा. नॉक्सचा (धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइडचा) आकडा किलोमीटरला ०.०८ ग्रॅम किंवा कमी असल्याचा निर्मात्याचा कागद मिळाला तर लंडनच्या वाहतूक प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्लाव हद्दीबाहेर आहे, हिथ्रोचा परिसर आत. आईबाबांना आणायला विमानतळावर स्कायलाइन घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. बॅगाही मावणार नाहीत.

पार्ट मिळतात का अजून?

झिजणारे सगळे मिळतात. निसानने २०१७ पासून निस्मो हेरिटेज नावाने आर३२ जीटी-आरचे बंद पडलेले पार्ट पुन्हा बनवायला घेतले, टोयोटाने जुन्या सुप्रांसाठी तसंच केलं. ट्रिम, दिवे, आतलं प्लास्टिक यांचीच बोंब. म्हणून घेताना इंजिनपेक्षा डॅशबोर्ड आणि हेडलाइट शाबूत आहेत का ते आधी बघा. इंजिन दुरुस्त होतं.

परत जाताना गाडी भारतात नेता येईल?

नाही. वापरलेली गाडी तीन वर्षांहून जुनी असेल तर आयात करता येत नाही, आणि तीन वर्षांच्या आतली असली तरी ती मुंबई बंदरातूनच आणावी लागते व शुल्कासकट मूळ किमतीच्या दुपटीच्या वर जाते. कार्नेवर (गाडी तात्पुरती नेण्याच्या सीमाशुल्क परवान्यावर) काही महिने फिरवून परत नेता येते, तेवढंच. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या रचनेत फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट केलं. इथे रीतसर विम्यात नोंदवता येणारे बदल आरटीओसमोर टिकणार नाहीत. विकून जा.

भाऊ टोरांटोला आहे, मैत्रीण सिडनीला. त्यांनाही हेच नियम?

कॅनडात गाडी १५ वर्षांची झाली की आणता येते. ऑस्ट्रेलियात २५ वर्षं, किंवा सरकारच्या खास यादीत मॉडेल असेल तर आधीही. अमेरिकेत २५, आणि कॅलिफोर्नियात धुराचे नियम त्याहून कडक.

सगळं झालं, पण रेडिओवर स्टेशन लागत नाही!

जपानचा एफएम पट्टा ७६ मेगाहर्ट्झला सुरू होतो आणि जुन्या रेडिओंत ९० ला संपतो, इथला ८७.५ ते १०८. म्हणून एखाद-दुसरं स्टेशन खरखरत लागतं. एरियलच्या वायरीत बसणारा बँड एक्सपांडर थोडक्या पौंडांत मिळतो, पण आवाज सुमारच येतो. नवा स्टिरिओ लावा, आणि जुना त्या पोटमाळ्यावरच्या खोक्यात.